कुडीत जीव आहे तोवर

हरमल, २२ एप्रिल

प्रिय सिद्धी,

आधी शेवट सांगते, म्हणजे मधल्या ओळी तू धावत वाचणार नाहीस. बाबा काल घरी आले. या क्षणी दारापुढच्या बाल्कांवातल्या दगडी सोप्यावर बसून पेजेला नावं ठेवताहेत. तेव्हा काळजी नको.

पत्र लिहिते आहे, कारण माझा फोन त्यांनी बळकावला आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका, ओरडू नका असं सांगितलं, फोन करू नका हे सांगायचं राहिलं. सकाळपासून एकेकाला फोन लावून आपण कसे मेलो ते सांगणं चालू आहे. पेडण्यापासून पणजीपर्यंत कोणी सुटलेलं नाही. हे पत्र गौरेश पेटीत टाकील. तू उत्तर शेजारच्या विनिताच्या पत्त्यावर पाठव. तिला आपल्या घरातलं आपल्याआधी कळतं, त्यामुळे तिच्यापासून काही लपवण्यात अर्थ नाही.

तू बांबोळीच्या इस्पितळात येऊन बाबांना काचेतून पाहून गेलीस, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. त्या दिवशी तुझ्याशीही धड बोलता आलं नाही. म्हणून काय घडलं ते आता नीट लिहिते.

गेल्या आठवड्यात रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात वाड्याची बैठक होती. विषय विजेचा. पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांनी इतके एसी लावलेत, की संध्याकाळी आपल्या पंख्याची पाती मोजता येतात. बाबा बोलायला उभे राहिले. वीजखात्यातून निवृत्त झाले तरी वाड्यातली प्रत्येक तार आपल्याच नावावर आहे, असं त्यांना वाटतं. सुदेशकडे बोट करून म्हणाले, "ह्या पावसाच्या आधी जर तू तुझे ते चार एसी—" आणि तिथेच खाली बसले. बसले आणि मग आडवे झाले. आम्हाला वाटलं, कोणी ऐकत नाही म्हणून निषेध करताहेत.

गौरेश होता म्हणून बरं. तोच गौरेश, किनाऱ्यावर जीवरक्षकाचं काम करतो तो. त्याने नाडी पाहिली, छातीला कान लावला आणि म्हणाला, "काकी, काळीज बंद आसा."

डोळे उघडे होते, पण त्यांत बाबा नव्हते. सिद्धी, हे मी एकदाच लिहिते. मी मेलेली माणसं पाहिली आहेत. ते तसेच होते.

गौरेश छाती दाबायला लागला. "सोड रे, म्हाताऱ्याच्यो बरगड्यो मोडतलस," असं लोक ओरडत होते. दोन मोडल्याच. तेवढ्यात सुदेशने डोक्यावरची टोपी काढली आणि खोल आवाजात म्हणाला, "आपण सगळे दोन मिनटां उभे रवया." सगळा मंडप उभा राहिला! मध्यभागी गौरेश घामाघूम होऊन छाती दाबतोय आणि भोवती माणसं माना खाली घालून गप्प. मी सुदेशला काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. देवळात बोलण्यासारखंही नव्हतं.

मग १०८ची गाडी आली. त्यांनी मशीन लावून शॉक दिला. एकदा दिला, परत दिला. सगळा जन्म खांबांवर चढून ज्या माणसाने कधी शॉक घेतला नाही, त्याने तो असा उताणं पडून घेतला. गाडी मांद्र्याच्या पुढे गेली तेव्हा त्यांचे ओठ हलले. मी वाकले. वाटलं, माझं नाव घेताहेत. ते म्हणाले, "—काढलस नाय, तर मी जबाबदार नाय."

वाक्य पुरं केलं आणि मग शांतपणे बेशुद्ध झाले.

आता कामाचं. काल दारात विनिताने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "काकांचो दुसरो जन्म झालो गो!" मी हातात तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. अडीच वर्षांपूर्वी याच दारात बाबा काय म्हणाले होते? 'माझ्या कुडीत जीव आहे तोवर ती ह्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही.' शब्द न् शब्द मला पाठ आहे. विनिताही कुंपणाला कान लावून होती. मग त्या रविवारी मंडपात कुडीत जीव होता का? नव्हता. सुदेशने दुखवटासुद्धा पाळला. म्हणजे शपथेची मुदत संपली!

त्यांना जरा ताकद येऊ दे. मग विषय काढते.

तुझी आई

हरमल, २ मे

प्रिय सिद्धी,

पत्र मिळालं. 'बाबा माझ्याबद्दल काही विचारतात का' असं तू विचारलं आहेस. यंदा कैऱ्या चांगल्या आल्यात. लोणचं घातलं. एक बरणी तुझ्यासाठी निराळी ठेवली आहे.

तब्येत ठीक आहे. ठीक म्हणजे फारच ठीक. बघायला येणाऱ्या माणसांची रीघ लागली आहे आणि बाबांना आपल्या मरणाची गोडी लागली आहे. पहिल्या दिवशी कोणी विचारलं, की सांगायचे, "काही नाही, दिवा गेला नि आला." लोकांचा हिरमोड व्हायचा. एवढ्या उन्हातून, हातात काजूगराची पिशवी घेऊन आलेली माणसं ती. त्यांना दिवा गेला नि आला एवढ्यावर कसं घालवायचं? मग दोन दिवसांनी दिवा जाता जाता पिवळा झाला. पुढे पिवळ्या उजेडाच्या टोकाला तुझे आजोबा धोतर झटकत उभे राहिले आणि 'कृष्णनाथा, परत जा, तुझं काम बाकी आहे' म्हणाले. काल तेरेखोलचे पाहुणे आले. त्यांच्यासाठी तिकडे नदी निघाली. नदी आली म्हणून फेरीबोटही आली. बाबा धक्क्यावर पोचेपर्यंत ती सुटली, म्हणून ते परत आले. पाहुण्यांना ते लगेच पटलं. त्यांच्या फेरीबोटी रोज चुकतात.

पाहुणे गेल्यावर मी संधी साधली. खोबरं किसता किसता विचारलं, "अहो, तुम्ही मेला होता ना?"

"म्हणजे काय! सगळ्या पेडण्याला ठाऊक आहे."

"म्हणजे कुडीत जीव नव्हता."

"नव्हता."

"मग सिद्धीला बोलावते."

तोंडातला काजूगर चावायचा थांबला. तो गिळून म्हणाले, "मी मरूक नाय. काळीज थांबलेला."

"आणि फेरीबोट?"

"ती पाहुण्यांसाठी."

मग मला वीजखात्याच्या भाषेत समजावलं. वीज गेली म्हणून कनेक्शन तुटतं का? मीटर तोच, वायरिंग तेच, ग्राहक तोच. वीज आली की बल्ब पूर्वीसारखाच लागतो, तो काय नवा बल्ब झाला? आणि पुरावा म्हणून ते सुदेशला सुनावलेलं वाक्य. "अर्धं मंडपात बोललो, अर्धं गाडीत. मधे दुसरा कोणी येऊन बसला असता, तर त्याला सुदेशचे एसी कसे कळले असते? तेव्हा माणूस तोच आणि शपथही तीच."

मी मायक्रोवेव्हकडे बोट दाखवलं. "वीज जाऊन आली, की ह्याचं घड्याळ शून्यावर येतं. यंत्र तेच आहे ना? मग घड्याळ का पुसलं जातं? तुमची शपथ ह्या घड्याळातली आहे."

त्यांनी मान वाकडी करून मायक्रोवेव्हची मागची बाजू तपासली. मग म्हणाले, "त्यात बॅटरी नाही. माझ्यात आहे." आणि उठून बाहेर गेले.

तुझ्या संदीपला सांग, राग त्याच्यावर नाही. संदीपचं नाव त्यांनी कधी वाईट अर्थाने घेतलेलं नाही. कारण ते कधी नाव घेतच नाहीत. राग तुझ्या सासऱ्यांवर. बाबांची बदली डिचोलीला असताना, चवथीच्या दिवशी यशवंतभावोजींनी खाणीचा ट्रक वळणावरच्या खांबावर घातला होता. अर्धी डिचोली काळोखात. इथे घरी गणपती बसलाय, सारणाच्या नेवऱ्यो तळून झाल्यात आणि बाबा दिवसभर तिथे खांब उभा करताहेत. तो राग बारा वर्षं जिवंत होता. त्यात तू नोंदणी करून लग्न केलंस आणि लग्न झाल्यावर फोन केलास. 'सासरे कोण' विचारलं, तर हे नाव आलं. फोन ठेवून ते काय म्हणाले ठाऊक आहे? "त्याने माझा खांब पाडला, आता मुलगीही नेली." खांब पहिला आला, मुलगी नंतर. तेव्हा मला हसू आलं होतं. मग ते दारात जाऊन शपथ घेऊन आले आणि हसायचं राहिलं.

मी सोडणार नाही. देवळातल्या गोकुळदासबाबांना विचारते. त्यांना शास्त्र कळतं.

तुझी आई

हरमल, ९ मे

प्रिय सिद्धी,

गोकुळदासबाबांकडे गेले, ही चूक झाली.

देवळाच्या पायरीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले, खूप वेळ मान हलवली. मला वाटलं, आपल्या बाजूने. म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर आहे सत्यवती. जीव गेला म्हणजे त्या माणसाचे संकल्प गेले. शपथ उरत नाही." मी पदर खोचून उठतेय, तर मागून म्हणतात, "पण मग तुझ्या कपाळाचा काय?"

मी कपाळाला हात लावला. कुंकू जागच्या जागी होतं. पण तो माणूस गेला असेल, तर हे कुंकू कोणाच्या नावाचं? आणि बाल्कांवात बसून काजूगर खातो आहे तो कोण? घरी येईपर्यंत तोच विचार. विनिताला सांगितलं, तर ती म्हणाली, "परत लगीन लावा. मी करवली येतंय." तिला सगळ्याची गंमत.

मग मला वाटलं, ठीक आहे. बाबांना गोकुळदासबाबांच्याच न्यायाने पकडू. त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. चहा पाहुण्यांच्या कपातून दिला. "अहो" म्हणायचं सोडलं. "माझे यजमान मंडपात वारले," मी सांगितलं. "तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. बरे होईपर्यंत रहा. परक्या पुरुषाला मी आतल्या खोलीत घेणार नाही. आत यायचं असेल तर सांगा, की शपथ त्या गेलेल्या माणसाची होती, आणि मग ती त्याच्याबरोबर गेली."

दोन दिवस ते मजेत राहिले. पाहुण्यांच्या चहाबरोबर बिस्किटं असतात, हे त्यांना नव्याने कळलं. मलाच त्रास झाला. कोणाला तरी ओरडायची सवय असते, परक्या माणसाला ओरडता येत नाही. आणि खरं सांगू, परका कसला! आंघोळ करून आले, की ओला पंचा आत येऊन माझ्या उशीवर टाकून जातात. जगातला कोणता नवा माणूस घरात आल्या आल्या नेमकी माझीच उशी शोधून काढील?

काल दुपारी मी बांगडे तळत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. परका माणूस थांबतो तसे थांबले.

"सत्यवती, तुका खरांच वाटता, मी तो न्हय?"

मी म्हटलं, "काय ते! गंमत केली मी."

"माका वाटता," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा फेरीबोटीच्या गोष्टीचा नव्हता.

ते चौकट धरून बोलत राहिले. दवाखान्यात जाग आल्यावर त्यांनी एकेक तपासून पाहिलं होतं. आपलं नाव, आमच्या लग्नाचा मंडप, तू शाळेत पहिल्यांदा गेलीस तेव्हा कुठल्या झाडाला मिठी मारून बसलीस ते. सगळं आठवलं. "पण आठवण म्हणजे काय गो? दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेलं वाचावं, तसं ते आठवतं. मग मी यशवंताचा ट्रक आठवून बघितला. ट्रक आला, खांब आला, चवथ आली. राग आला नाही. जसा दुसऱ्या कोणाचा खांब पडला. सिद्धीचा फोन आला त्या दिवशी छातीत काय झालं होतं, ते मला सांगता येतं. पण तसं आता होत नाही. मी वाक्य पुरं केलं म्हणतात सगळे. ते मलाही ऐकूनच ठाऊक. मला आठवत नाही."

तेलात बांगडा करपत होता.

"त्याची ती शपथ तेवढी शिल्लक आहे," ते म्हणाले. "तीसुद्धा सोडली, तर त्या माणसाचं काय उरलं? मग मंडपात मेला तो मेलाच. मी कोणी भलताच त्याच्या सोप्यावर बसलोय."

सिद्धी, मला वाटत होतं हट्ट आहे. हट्ट नव्हता. त्यांनी शपथ धरली नव्हती, शपथेला धरून ते बसले होते. आणि मी रोज ती त्यांच्या हातातून ओढत होते.

"आत या. मासळी जळली," एवढंच म्हटलं. ते आत आले. जळलेला बांगडा दोघांनी वाटून खाल्ला. अंथरूण परत आत आणलं. आता मी हा विषय काढणार नाही. तू रागावशील, रागाव. अजून थोडे दिवस बरणी इथेच राहू दे.

तुझी आई

हरमल, १५ मे, संध्याकाळ

सिद्धी,

काय झालं ते तुलाच ठाऊक, आणि मला कोणी सांगत नाही!

सकाळी मी देवळातून आले, तर सोपा रिकामा. विनिता कुंपणावरून म्हणाली, "काका गौरेशच्या स्कूटरवर बसून गेले. इस्त्रीचो शर्ट घालून." छातीला पट्टा, बरगड्या अजून जुळायच्या आहेत, आणि गौरेश स्कूटर चालवतो की उडवतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. फोन त्यांच्याकडेच. विनिताच्या फोनवरून लावला, तर उचलून म्हणाले, "कामात आहे," आणि ठेवला. पूर्वी खांबावरून म्हणायचे तस्संच.

पुन्हा गौरेशला लावला. तो म्हणाला, "काकी, आमी डिचोलेक आसांव. काका म्हणटात, राग येता काय ना तो तपासूंक आयलां." मागे कोणीतरी जोरजोरात ओरडत होतं. दोघेजण ओरडत होते. मग फोन बंद.

मी देव पाण्यात घातले नाहीत एवढंच.

संध्याकाळी परत आले. उन्हाने लाल. हातात तुझ्या सासूबाईंनी दिलेली पिशवी, त्यात सोलं, तिरफळं आणि एक फणस. सुमनताईंना सांग, फणस पोचला. "कुठे गेला होता?" विचारलं तर "डिचोलीला." "कशाला?" "तपासणीला." "राग आला?" म्हणून विचारलं, तर माझ्याकडे पाहून असे हसले, की बरगड्या धरून खाली बसावं लागलं.

"आला," म्हणाले. पुढे काही नाही. जेवले. मला ओरडले, आमटीत मीठ नाही म्हणून. डॉक्टरांनीच कमी सांगितलंय, पण असे ओरडले, की विनिता कुंपणाशी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ओरडले गो! मी मीठ न देता आत जाऊन थोडी रडून आले.

आता माझ्याकडे कागद आणि पेन मागताहेत. माझ्याच वहीतले. लिहिताना हात आडवा धरून बसतात, परीक्षेतल्या मुलासारखे. तू तरी सगळं सविस्तर कळव.

आई

हरमल, २० मे

चि. सिद्धी हिस,

मी आयुष्यात अर्ज आणि अहवाल सोडून दुसरं काही लिहिलेलं नाही. हे चौथ्यांदा लिहितो आहे. पहिले तीन कागद अर्जच झाले.

त्या दिवशी मी तुझ्या घरी का आलो, ते गौरेशने दारातच सांगून टाकलं, त्यामुळे माझी थोडी फजिती झाली. तरी लिहितो. तुझी आई तुला सगळं कळवते हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक आहे. गौरेश पेटीत टाकायच्या आधी मला पाकीट दाखवायचा. मी उघडलं नाही. वजन पाहून परत द्यायचो.

मला एकच तपासायचं होतं. यशवंताच्या समोर उभं राहिल्यावर राग आला, तर मी तोच. नाही आला, तर मग पुढचं पुढे. वाटेत मी बोलायचं तयार केलं होतं. 'यशवंतराव, एका सार्वजनिक खांबाबाबत आलो आहे.' स्कूटरवर मोठ्याने म्हणून बघितलं. गौरेशने दोनदा विचारलं, काका बरे आहात ना.

दार तू उघडशील हे ध्यानातच आलं नव्हतं. मूर्खपणा आहे, तुझंच घर ते. पण माझ्या डोक्यात दार यशवंत उघडत होता. तू उघडलंस. केस कापले आहेस. हातात चहा ढवळायची कुलेर होती. मी यशवंतराव म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "जेवलीस?"

सकाळचे दहा वाजले होते. दहा वाजता कोण जेवतं? तू म्हणालीस, "नाही बाबा, अजून कुकरही लावला नाही." मग तू रडायला लागलीस आणि मी कुलेर धरून उभा राहिलो. ती माझ्याकडे कशी आली, मला ठाऊक नाही.

नंतरचं तू पाहिलंस, पण माझ्या आत काय झालं ते कळवतो. यशवंत बाहेर आला. चहा झाला. आम्ही दोघे हवापाण्याचं बोललो. मी आत तपासत होतो. काही नाही. शांत. घाम फुटला मला. शेवटी मीच म्हटलं, "त्या खांबाचं—" आणि तो म्हणाला, "खांबच रस्त्यात येलो होतो, मी काय करू?"

रस्त्यात! मी स्वतः मोजून घातलेला खांब! सिद्धी, पायाच्या नखापासून जे काही वर चढलं, ते सांगता येत नाही. कान तापले. जीभ सैल झाली. मी त्याला जे बोललो, ते तुझ्या सासूबाईंच्या समोर बोलायला नको होतं, त्यांना माझी क्षमा सांग. आणि बोलता बोलता मला एवढा आनंद झाला, की हसूच आवरेना. यशवंत आणखी चिडला. "मी भांडतंय, आणि हो हसता!" तू औषधाची गोळी घेऊन धावलीस, सुमनताईंनी पाणी आणलं. कोणाला सांगू, की मला झटका आलेला नाही, मी सापडलो आहे!

वळणावर खांब बघायला गेलो, तिथे तू छत्री धरून आमच्या मागे होतीसच. गाड्या अडल्या, ती चूक आम्हा दोघांची. खांब अजून सरळ उभा आहे. यशवंतानेही मान्य केलं. रस्त्यातच आहे, पण सरळ आहे, म्हणाला. त्याला बोलण्याची शिस्त नाही, पण माणूस भांडायला चांगला आहे. अर्धवट सोडत नाही.

परत येताना स्कूटरवर मी विचार केला. तपासणीला गेलो रागाच्या. राग आला, उत्तम. पण तो दुसऱ्या क्रमांकाने आला. चहा घेऊन, बसून, हवापाण्याचं बोलून झाल्यावर आला. पहिलं जे आलं, ते मी वाटेत तयार केलं नव्हतं, मंडपातून आणलं नव्हतं, कोणाकडून ऐकलं नव्हतं. तू शाळेतून यायचीस, तेव्हा खांबावरून रस्त्याकडे बघत मी तेच, 'जेवलीस?' म्हणून ओरडायचो आणि खालची माणसं हसायची. ते रागाच्या फार आधीचं आहे. शपथ त्यापुढे कालची.

तेव्हा कळवतो ते असं. रविवारी संदीपला घेऊन ये. यशवंत आणि सुमनताईंनाही आण. आई बांगडे करील, मीठ घालायला तुम्ही सांगा, माझं ऐकत नाही.

आई सगळ्यांना सांगणार, की मी मेलो म्हणून शपथ संपली. विनिताने तर आतापासूनच सांगायला घेतलं आहे. आईने इतके दिवस त्यासाठी खटपट केली, तिला ते म्हणू दे. तू दारात आलीस, की मीही मान डोलवीन. फेरीबोटही सांगीन हवी तर.

पण तू तसं समजू नकोस. शपथ कोणाच्या मरणाने सुटलेली नाही. मरून नवा कोणी आला, त्याला काही ठाऊक नाही, म्हणून तो तुला आत घेतो आहे, असं नाही. मला सगळं ठाऊक आहे. दार कोणी लावलं, कोणत्या शब्दांनी लावलं, त्या दिवशी तू फोनवर किती वेळ काही न बोलता थांबली होतीस, तेही. ज्याने तुला घालवलं, तोच तुला बोलावतो आहे.

ये.

तुझा बाबा